लाईन आली, तरी मेल जाईना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं आणि तिच्या निपाणी युनिटचं मेलचं काम माझ्याकडे आहे. दोन्हीकडे एकेक पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर. शुक्रवारी हायवेच्या खोदाईत जेसीबीनं केबल तोडली आणि दोन्हीकडे मेल साठत गेले, त्यात कास्टिंगची जडच्या जड ड्रॉइंगं. सोमवारी लाईन जुळली. लगेच निपाणीच्या स्टोअरकीपरचा फोन: "लाईन आलिया की वो सायेब, मग मेल का जाईना?"

पिंग व्यवस्थित, म्हणजे पलीकडचं मशीन उत्तर देतंय; सर्व्हिसही चालू. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, मात्र ओळीमागून ओळ एकच: निपाणीचं उत्तर ४५२, साठवायला जागा नाही. निपाणीचा लॉग बघितला, तर आमचा सर्व्हर त्यांना हेच सांगत होता! आमची डिस्क त्यांच्याकडे जायच्या मेलनं भरलेली, त्यांची आमच्याकडे यायच्या. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर दोन्हीकडच्या गाड्या अख्खा रस्ता व्यापून उभ्या राहतात आणि गेट उघडलं तरी कुणालाच हलता येत नाही, तसंच.

४५२ हा तात्पुरता नकार. त्यामुळे पाठवणारा मेल टाकून देत नाही, रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. एरवी हा गुणच. इथं तोच नडला. नुसती वाट बघितली असती तर पोस्टफिक्सनं पाच दिवसांनी सगळे मेल परत फिरवले असते.

आमच्या डिस्कवरचे जुने लॉग बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि निपाणीची रांग फ्लश केली, म्हणजे साठलेले मेल लगेच पाठवायला लावले. तिकडचे थोडे मेल इकडे आले, तितकी जागा तिकडे झाली, मग इथले तिकडे. दुपारपर्यंत दोन्ही रांगा रिकाम्या.

पण हे पुन्हा होऊ नये याची सोय हवी होती. १९८० साली मर्लिन आणि श्वाइट्झर या संशोधकांनी बफरांना (संदेश तात्पुरते ठेवायच्या जागांना) क्रम लावायची रीत मांडली: संदेश जसा पुढं सरकेल तसा वरच्या बफरात जातो, खाली येत नाही, म्हणून एकमेकांची वाट बघणाऱ्यांचं वर्तुळच तयार होत नाही. त्याच धर्तीवर दोन्हीकडे पोस्टफिक्सचे दोन इन्स्टन्स केले, म्हणजे एकाच मशीनवर दोन वेगळ्या प्रती चालवल्या. एक कर्मचाऱ्यांचे नवे मेल घेतो, दुसरा पलीकडच्या सर्व्हरचे. पहिल्याची क्यू-मिनफ्री मर्यादा (डिस्कवर इतकी जागा मोकळी नसेल तर नवा मेल घ्यायचा नाही) मोठी ठेवली. डिस्क भरत आली की आधी घरचे मेल थांबतात. वाटेतल्यांसाठी जागा शिल्लक राहते.

आता कधीमधी अकाउंट्सवाले कुरकुरतात, "आमचाच मेल का अडवता?" अडवतो, आणि अडवणार. ड्रॉइंगं मेलऐवजी शेअर फोल्डरात टाका म्हणून सांगितलंय. अजून कुणी ऐकलेलं नाही.