शिलाईत दडलेलं गाव

सोलापुरात बाइंडिंगचं काम करायला लागून मला वीस वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाप्तिस्म्याच्या तीन नोंदवह्या आल्या. पाळकसाहेब स्वतः घेऊन आले. सोबत मंडळीतल्या एक मावशी, सत्तरी उलटलेल्या.

नुसते शिक्के बघत गेलं तरी इतिहास कळत होता. आधी अमेरिकन मराठी मिशन, १९२४ नंतर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. माणसं तीच, उपासना मराठीतच. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं, १८३१ मध्ये नगरला आलं आणि रेल्वे आल्यावर काही वर्षांत सोलापुरात, असं पाळकसाहेबांनी सांगितलं.

सगळ्यात जुनी वही कसरीने खाल्लेली. त्यात १९०० सालची पानं आली आणि माझा हात थांबला. एकाच अक्षरात, एकाखाली एक, नुसती मुलांची नावं. आईबापांच्या रकान्यात आडवी रेघ. छप्पन्नच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ मधल्या (१८९९-१९००) दुष्काळातली ही अनाथ मुलं मिशनने सांभाळली होती.

मावशींनी एका नावावर बोट ठेवलं. "ही माझी आजी. तिला गावच नव्हतं हो. कुणी विचारलं की म्हणायची, मी मिशनची."

मागच्या कुणा बाइंडरने पानांना आरपार भोकं पाडून दोरा ओवला होता, त्यामुळे आतली बोटभर जागा कायमची दाबली गेलेली. घाईचं काम. असल्या शिलाईचा मला मनापासून राग येतो. ओल्या फडक्याने जुनी खळ भिजवली, दोरा कापला, पान सपाट केलं. आतल्या समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. प्रत्येक नावासमोर एक गाव. करमाळे, बार्शी, सांगोला.

आजीच्या नावासमोर 'मंगळवेढे'.

मावशींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "इतकं जवळ?"

पाळकसाहेब म्हणाले, "कडा कापून सारख्या करा." मी हात जोडले. एकही कड कापली नाही. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातला, प्रत्येक पानाला कागदाची पट्टी जोडली आणि शिलाई त्या पट्टीवरच घेतली. आता वही उघडली की समास पूर्ण उघडतो.

मावशी जाताना विचारत होत्या, मंगळवेढ्याची एसटी किती वाजता सुटते.