फेरफारात माझं नाव नव्हतं

वडील गेल्यावर अडीच वर्षांनी मोबाइलवर सातबारा पाहिला. आई आणि दोघं भाऊ होते, मी नव्हते. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदीच्या, नकलेसाठी अर्ज केला. नोंदीत लिहिलं होतं : ‘बहिणीने हक्क सोडल्याचे लिहून दिले आहे.’ तेराव्याच्या गडबडीत दादाने स्टॅम्पपेपरवर सही घेतली होती, वारसनोंदीसाठी लागते म्हणाला. सही माझीच होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वकीलबाईंनी कागद वाचून पहिला प्रश्न विचारला, “हे रजिस्टर केलंय का?” नव्हतं केलं. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो. फेरफाराची खबर देणारी नमुना 9 ची नोटीसही माहेरच्या पत्त्यावर गेलेली, जिथे मी 22 वर्षं राहत नाही.

महसूल संहितेच्या कलम 247 खाली प्रांत अधिकाऱ्यांकडे अपील करायचं ठरलं. पण मुदत 60 दिवसांची, आणि ती केव्हाच उलटून गेलेली. “आधी उशीर, मग अपील,” बाई म्हणाल्या. विलंबमाफीचा वेगळा अर्ज, सोबत शपथपत्र : नोंद कधी कळली, कशी कळली, नंतर किती दिवसांत आले. तिथे नकलेच्या अर्जाची पोच कामी आली, तिच्यावर तारीख होती. कार्यालयात दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्याच, ती नसती तर माझं अपील दारातच अडलं असतं. स्थगितीही मागितली, मधेच जमीन विकली गेली असती तर नवा खरेदीदारही यात ओढला गेला असता.

तारखा पडत राहिल्या. दादा व्हरांड्यात समोरच्या बाकावर बसायचा, बोलायचा नाही. त्याचा वकील म्हणाला, सही तर मान्य आहे ना? आमच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मालकी कोणाची हे दिवाणी कोर्ट ठरवेल, इथे प्रश्न नोंद रीतसर झाली का एवढाच आहे. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे, आणि अनोंदणीकृत कागदावर, तिला न विचारता तिचं नाव गाळता येत नाही.

विलंब माफ झाला, चार महिन्यांनी निकाल आला : फेरफार रद्द, सर्वांना नोटीस देऊन फेरचौकशी. आईने फोनवर फक्त विचारलं, “आता तू घरी येशील ना?”

मागच्या आठवड्यात मंडळ अधिकाऱ्यांची नोटीस आली. सासरच्या पत्त्यावर, माझ्या नावाने.