आडनावाची बस

परवा पाऊस लागला होता. आमच्या बेळगावात पाऊस एकदा लागला की सूर्य कुठल्या दिशेला उगवतो याचा विसर पडतो. लाइट मात्र होती, म्हणून मुलीनं टीव्हीवर ‘शाळा’ लावला. सुजय डहाके यांचा, 2012 साली थिएटरात आलेला. मिलिंद बोकील यांची कादंबरी मी पूर्वी वाचली होती, सिनेमा तेवढा राहून गेला होता. नववीतला जोशी, त्याची शिरोडकर, बाहेर आणीबाणी. वर्गात मात्र आणीबाणीपेक्षा मोठी भानगड चाललेली.

मुलगीही यंदा नववीत आहे. थोडा वेळ तिनं निमूट बघितलं, मग म्हणाली, “पप्पा, हा सारखं शिरोडकर, शिरोडकर काय म्हणतोय? नाव नाही काय तिला?”

बायको गालातल्या गालात हसली. तिला कळलं होतं. मला सांगता येईना.

आमच्या वेळी मुलीला नावानं हाक मारायची ती भावानं, नाहीतर बाईंनी. बाकीच्यांनी आडनाव. नाव तोंडातून गेलं की मामला उघडा पडलाच म्हणून समजा, मागच्या बाकावरून खोकल्याची साथ सुरू व्हायची. आडनाव कसं, भर वर्गात मोठ्यानं घेता यायचं. “अमुककर, तुझी भूगोलाची वही दे.” ऐकणाऱ्याला वही ऐकू यायची. मला फक्त अमुककर.

अमुककर म्हणतोय, कारण खरं आडनाव सांगणार नाही. सांगितलं तर शहापुरातलं शेंबडं पोरही ओळखेल.

आता आमच्याकडची आडनावं म्हणजे काय, तर गावं. कडोलकर, उचगावकर, कंग्राळकर, सांबरेकर, बेळगुंदकर, येळ्ळूरकर. सरांनी हजेरी घेतली की बेळगाव तालुक्याला प्रदक्षिणा घातल्यासारखं व्हायचं. शिरोडकर हेही शिरोड्याचंच म्हणा, पण त्या जोशीला कुठं शिरोड्याची बस रोज डोळ्यांसमोर दिसत होती? मला दिसायची. सीबीटीवर, म्हणजे आमच्या सिटी बसस्टँडवर, लाल बसच्या काचेआड पत्र्याची पाटी उभी असायची आणि तिच्यावर तिचं आडनाव, फक्त ‘कर’ वजा.

पाटी अर्थातच कन्नडमध्ये. आमच्या मराठी शाळेत कन्नड विषय होता, पण तो आम्ही कडू काढ्यासारखा घ्यायचो. घरातही त्याला उत्तेजन नव्हतं. 1 नोव्हेंबरला गाव कर्नाटकाचा राज्योत्सव करायचं आणि वडील, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणून, काळा दिन पाळायचे. पाट्यांवरून मोर्चे निघायचे, त्यातल्या काहींत मी त्यांचं बोट धरून गेलेलो आहे. आणि तोच मी शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून स्टँडवर जायचो, सायकल खांबाला टेकवायचो आणि कन्नड पाटी वाचत उभा राहायचो. गोल गोल अक्षरं, डोक्यावर तुरा. गावाच्या नावात एक जोडाक्षर होतं. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या पायाशी लोंबतं, आईच्या पदराला धरलेल्या पोरासारखं. ते मला इतकं आवडायचं की वहीच्या शेवटच्या पानावर तेवढंच गिरवत बसायचो. कन्नडच्या सरांनी एकदा ते पान बघितलं आणि सगळ्या वर्गाला दाखवलं, “बघा, सराव असा करतात.” वडिलांना हे कधी कळलं नाही.

गंमत अशी की ती त्या बसनं जायचीच नाही. ती राहायची वडगावात, पुढच्या खोलीत माग चालायचा त्यांच्या घरी. एका रविवारी मी धीर करून सायकलवरून त्या गावाला जाऊन आलो. काय बघायचं होतं, देव जाणे. शिवारात भात उभं होतं, रताळ्याचे वेल पसरले होते, देवळाच्या कट्ट्यावर दोन म्हातारे पान लावत बसले होते. त्यांना विचारलं, अमुककर कुठं राहतात? दोघंही हसले. एक जण म्हणाला, “इथं कोण अमुककर बे? इथं पाटील नाहीतर दुसरं कोणतरी. गाव सोडून गेला की तो अमुककर.” सगळीकडे असंच असतं असं नाही, पण त्या गावात तरी त्या आडनावाचं एकही घर नव्हतं. घामाघूम होऊन परत आलो.

सिनेमातली शिरोडकर गोड बोलते, पण ‘येते’, ‘जाते’ म्हणते. आमच्याकडच्या पोरी ‘येतो’, ‘जातो’ म्हणतात. परगावच्या पाहुण्यांना ते ऐकून हसू येतं. शिवाय ‘पण’ला आम्ही ‘खरं’ म्हणतो. एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, शेवटचा पेपर झाला त्या दिवशी फाटकाजवळ ती मला म्हणाली, “मी जातो. खरं तुझी वही राहिली माझ्याकडे.” दोनच वाक्यं. त्यातलं ‘खरं’ म्हणजे नुसतं ‘पण’, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ते सुट्टीभर पुरलं.

वही आली नाही. पुढं कळलं, लग्न होऊन ती हुबळीकडे गेली. आडनाव बदललं असणार.

सिनेमाच्या शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते तेव्हा मुलगी म्हणाली, “एवढंच?” बायको उठली, चहा टाकते म्हणाली, आणि स्वयंपाकघरातून विचारलं, “तुमची कुठली हो?” मी म्हटलं, साखर कमी घाल.

काल पाऊस जरा उघडला, तेव्हा कामानं सीबीटीवर गेलो होतो. एक आजी पिशवी घेऊन उभी होती, बस लागलेली. “बाळा, ही कुठली गाडी रे? मला कानडी येत नाही.” पन्नाशीत कुणी बाळा म्हटलं की बरं वाटतं. मी पाटीकडे न बघताच गावाचं नाव सांगितलं. तोंडात पुढचं ‘कर’ आलं होतं, ते गिळलं.

“हां, तीच,” आजी म्हणाली. “जातो हं मी.”