पापलेट नाय आज, बांगडे इलेत

नोव्हेंबरमध्ये मालवणला गेलेलो, त्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. कोल्हापुरातून सकाळी सहाला निघून फोंडा घाट, कणकवली, कसाल करत पोचलो तेव्हा दीड वाजलेला, वाटेत फक्त एकदा वडापाव खाल्लेला, त्यामुळं बाजाराच्या मागच्या गल्लीतली पहिली घरगुती खानावळ दिसली तशी पडवीत जाऊन बसलो आणि पप्पांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, चार पापलेट थाळी.

खानावळीच्या काकू म्हणाल्या, "पापलेट नाय आज. बांगडे इलेत, एकदम ताजे आसत. आणि तिसऱ्यो."

पप्पांचा चेहराच उतरला. आमच्याकडं बांगडा म्हणजे बर्फातून आलेला, उग्र वासाचा मासा, घरी पाहुणे आले तर कोणी करणार नाही. ते उठायलाच लागलेले पण आई म्हणाली बसा की, भूक लागलीय सगळ्यांना.

मग ताट आलं. रव्यात तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं (म्हणजे शिंपल्यांचं) सुकं, तांदळाची भाकरी, उकड्या तांदळाचा भात, आणि एका वाटीत बांगड्याचं तिखलं. हे तिखलं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. लालभडक, दाट, आमसुलाचा आंबटपणा आणि त्यात तिरफळं! ज्यांनी तिरफळ खाल्लं नाही त्यांना सांगते, मिरीएवढं वाळलेलं फळ असतं, नुसतं ठेचून टाकतात, चावून खायचं नसतं, पण त्याचा वास रश्शात उतरतो आणि जिभेवर बारीक झिणझिण्या येतात. बांगड्याला स्वतःचं तेल भरपूर, त्याचा उग्रपणा हे तिरफळ बरोबर धरतं. पापलेटच्या तिखल्यात ते टाकलं तर पापलेट पार हरवून जाईल असं मला वाटतं. पप्पांनी तीन वेळा भात घेतला.

आधीच्या खेपेला आम्ही एका मोठ्या हॉटेलात गेलेलो, तिथं मेनूकार्डावर सगळंच होतं, सुरमई, पापलेट, हलवा, लॉबस्टर, आणि पापलेट आलं ते कोरडं, चवच नाही, फ्रीजमध्ये किती दिवस होतं देव जाणे. सोलकढीपण गुलाबी पाणी नुसतं. काकूंकडची सोलकढी म्हणजे नारळाचा रस त्या दिवशी काढलेला, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घरचं, लसूण-मिरची वाटून लावलेली, आणि रंग फिकट जांभळट. दुपारची कढी काकू रात्रीला ठेवत नाहीत, नारळाचा रस टिकत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू म्हणाल्या लिलावाक येतस काय, आणि मी लगेच चप्पल घातली. किनाऱ्यावर होड्या लागलेल्या, समोर सिंधुदुर्ग किल्ला, वाळूत माशांचे ढीग आणि त्याभोवती गोल करून बायका पाट्या घेऊन उभ्या. बोली इतकी भराभर चालते की मला काही कळेना, कोणी नुसती मान हलवली की ढीग तिचा. काकू आधी वाकून बघतात, कल्ला उचलून लाल आहे का, डोळा चकचकीत आहे का, पोट बोटानं दाबून बघतात. एक ढीग त्यांनी सोडला, म्हणाल्या पोट मऊ पडलाहा. त्या दिवशी त्यांना मुडदुशे, म्हणजे लांबट छोटे मासे, मिळाले, आणि रात्री आम्ही मुडदुशे खाल्ले. म्हणजे त्या रात्रीचा मेनू कागदावर नव्हताच, संध्याकाळी वाळूवर ठरला. मला हे इतकं पटलं की तेव्हापासून मी किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात बसले की मेनूकार्ड बाजूला ठेवते आणि विचारते, आज काय आलंय? जो माणूस सगळंच आहे म्हणतो तिथून मी उठते, खरंच उठते.

लिलावावरून येताना काकू बोलत होत्या, पूर्वी रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) ओढायला हात लावला की वाटा मिळायचा, घरात मासा विकत आणायची वेळ कमी यायची. आता एलईडीचे दिवे लावून मोठ्या बोटी रात्री मासा गोळा करतात. त्याच्यावर २०१७ पासून बंदी आहे, तरी दिवे दिसतात म्हणाल्या. छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात मग काय येणार? आणि आपण पर्यटक सगळे येऊन सुरमई नाहीतर पापलेटच मागतो, म्हणजे जो मासा त्यादिवशी भरपूर आलाय त्याला गिऱ्हाईक नाही. बांगडे, पेडवे, तारली, मुडदुशे, हे मागा ना लोकहो. हे चवीला कमी नाहीत, आणि खिशालापण परवडतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते हे सगळ्यांना माहितीय, पण तेव्हा खानावळीत काय करता असं मी विचारलं तर काकू म्हणाल्या, घरची माणसं जेवतात ताच, सुको बांगडो भाजून, सुक्या जवळ्याची चटणी, पेज. गिऱ्हाईक येत नाही कारण त्यांना ताजा मासा पाहिजे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की मग परत सुरू, मगे येवा म्हणाल्या.

पण मला जुलैमध्येच जायचंय. धो धो पाऊस, पडवीत बसून गरम पेज आणि भाजलेला सुका बांगडा. आईला विचारलंय, ती तयार आहे. काकूंना परवा फोन केला, त्या म्हणाल्या, "येवा, पण आदल्या दिवशी सांगा, पेजेचे तांदूळ भिजवूक व्हये."