‘मग इम्युनोलॉजीत कशा काय?’

“तुमचं सगळं काम कॅन्सरच्या पेशींवरचं. मग इम्युनोलॉजीत कशा काय?”

आज इम्युनोलॉजीतल्या, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्रातल्या, जागेच्या मुलाखतीत हा प्रश्न आला. विचारणाऱ्या मॅडमचा सूर वाईट नव्हता. पण नजर माझ्या बायोडेटावरून हलत नव्हती.

मी स्लाइडबद्दल सांगितलं. ट्यूमरचा पातळ छेद, सीडी८ टी-पेशी (बिघडलेल्या पेशींना मारणाऱ्या संरक्षक पेशी) तपकिरी रंगवलेल्या. त्या ट्यूमरच्या कडेला दाटीवाटीनं जमलेल्या आणि आत जवळपास एकही नाही. मला तपासायच्या होत्या कॅन्सरच्या पेशी, पण डोळा सारखा त्या कडेकडेच जायचा. वेशीपर्यंत आलेली फौज आत का शिरत नाही? त्या प्रश्नामागे निघाले आणि इकडे पोहोचले, एवढंच.

“हं,” म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न.

घरी येताना थायमसचं काम शोधून काढणारे शास्त्रज्ञ जॅक (Jacques) मिलर आठवले. तेही ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर काम करत होते, उंदरांमधल्या. नवजात पिल्लांची छातीतली थायमस ग्रंथी काढली, तर त्यांच्यात लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) कमी झाले आणि एरवी शरीर नाकारतं ती परक्या उंदराची कातडीही त्यांच्या अंगावर टिकली. हे १९६१ साली छापून आलं. तोवर थायमसला कुणी फारसं विचारतही नव्हतं. टी-पेशींचं आजचं सगळं शास्त्र त्या कामावर उभं आहे. (माझी तुलना त्यांच्याशी नाही हो, गैरसमज नको!)

कॅन्सरच्या उपचारात इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध वापरणं) रुळली, तरी निवड समित्यांना अजून एकाच विषयाची सरळ रेघ लागते.

‘या विषयातील पूर्वानुभव’ या रकान्यात मिलर यांनी काय भरलं असतं?