दशावताराच्या साथीची वाद्ये संगणकात उतरवताना

संगणक आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये यांच्यासाठी १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडी या मानकात १२८ वाद्यध्वनींना क्रमांक दिलेले आहेत. त्यात १०५ व्या क्रमांकावर सतार आहे आणि ११२ व्या क्रमांकावर सनई आहे. तालवाद्यांसाठी वेगळे ४७ ध्वनी नेमून दिलेले आहेत आणि त्यांत बोंगो, कोंगा, मराकस अशी लॅटिन अमेरिकेतली वाद्ये भरपूर आहेत. तबला नाही, पखवाज नाही. पेटीला त्यातल्या त्यात जवळचा ध्वनी म्हणजे २१ व्या क्रमांकाचा रीड ऑर्गन. सिंधुदुर्गातल्या एखाद्या मुलाला दशावताराची साथ संगणकावर बसवायची असेल, तर तयार यादीतून त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. आपल्या वाद्यांचे आवाज आपणच ध्वनिमुद्रित करून, कापून आणि जुळवून घ्यावे लागतात. हे काम मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उत्तम होते, असा माझा अनुभव आहे, आणि ते कसे होते हे सविस्तर लिहावे म्हणून हा लेख.

दशावताराच्या साथीला पेटी, पखवाज आणि झांज एवढीच वाद्ये असतात. वाद्ये तीनच असली तरी रात्रभर चालणारे नाटक, त्यातली पदे, युद्धे आणि संकासुराचा प्रवेश हे सगळे तीच पेलतात. ध्वनिमुद्रणासाठी वर्षातले फार थोडे दिवस सोयीचे असतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वादक रोज रात्री वेगळ्या गावात असतात, आणि मिरग लागला की दमट हवेने पखवाजाची पुडी उतरते व कौलांवरचा पाऊस मायक्रोफोनमध्ये शिरतो. नवरात्र संपल्यापासून कार्तिकी एकादशीपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राची गाज सतत असते. ती ओहोटीच्या वेळी जरा लांब जाते, म्हणून वेळ तशी निवडावी. चिऱ्याच्या जाड भिंतींची माजघराची खोली, खाली घोंगडी अंथरलेली आणि घरातले विजेचे मुख्य बटण बंद, ही तयारी मला कोणत्याही महागड्या साधनापेक्षा मोलाची वाटते. पंखा आणि फ्रीज यांचा ५० हर्ट्झचा व त्याच्या पटीतला गुणगुणाट पखवाजाच्या डाव्या बाजूच्या खोल नादात मिसळतो, आणि नंतर तो गाळायला गेले की त्याच्याबरोबर नादही जातो. बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर वापरला की हा प्रश्नच उरत नाही.

पहिली काटछाट मी ऑडॅसिटीमध्ये करतो. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेला आणि २००० साली लोकांसाठी खुला झालेला हा कार्यक्रम आजही या कामाला पुरून उरतो. एका लांब ध्वनिमुद्रणात वादकाने एकेक बोल थांबून थांबून वाजवलेला असतो. प्रत्येक आघाताला लेबल लावायचे आणि सगळे तुकडे एकदम वेगवेगळ्या फाइलींत काढायचे, हे त्यात सहज होते. आघात नेमका कुठे कापायचा याकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या ध्वनिमुद्रणात आघाताआधी ४८० नमुन्यांची शांतता राहिली, तर तो बोल १० मिलिसेकंद उशिरा वाजतो, आणि द्रुत लयीत कानाला काहीतरी मागे रेंगाळल्यासारखे वाटू लागते. तरंग जिथे शून्यरेषा ओलांडतो तिथेच कापले म्हणजे टक् असा खोटा आवाज येत नाही. पखवाजाला हा नियम काटेकोरपणे लावावा. पेटीला तसा लावू नये. पेटीचा खर्जाचा सूर भाता दाबल्यावर लगेच बोलत नाही, तो क्षणभर वेळ घेऊन उमलतो, आणि ती क्षणभराची उशीर ही त्या सुराची ओळख आहे. ती कापली की खर्ज कुठल्याही स्वस्त कीबोर्डसारखा ऐकू येतो.

सर्व तुकडे एकाच पातळीवर आणण्याचा मोह इथे फार होतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये ते एका क्लिकचे काम आहे. ते मी करत नाही. हलका ‘ता’ आणि जोरकस ‘ता’ यांच्यात फरक फक्त मोठेपणाचा नसतो, नादाचा पोतही बदललेला असतो. पण मोठेपणाचे नातेही तितकेच खरे आहे. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वर उचलला की ते नाते मोडते आणि पुढे अंदाजाने पुन्हा बांधावे लागते. सगळ्या संचाला मिळून एकच वाढ द्यावी.

खरखर काढण्याबाबतही माझे मत असेच आवरते आहे. ऑडॅसिटीला शांत भागाचा नमुना दाखवला की तो त्याच जातीचा गोंगाट सगळीकडून कमी करतो. सहा डेसिबलपर्यंत कमी केले तर चालते. त्यापलीकडे गेले की उरलेल्या नादात पाण्यात बुडल्यासारखी किणकिण येते आणि झांजेची लांबत जाणारी शेपटी तर पार विरून जाते. आमच्या भागातल्या एका जुन्या पखवाजवादकांना मी एकाच बोलाची दोन रूपे ऐकवली, एक पूर्ण स्वच्छ केलेले आणि एक जवळजवळ जसेच्या तसे. पहिले ऐकून ते म्हणाले, “आवाज साफ झालो, पण पखवाज खंय गेलो?” तेव्हापासून स्वच्छता कुठे थांबवायची हे मी मीटरवर न ठरवता वादकाला विचारून ठरवतो. पखवाजाच्या छोट्या आघातात मागची गाज तशीही झाकली जाते. तिची खरी अडचण होते ती पेटीत, आणि पेटीचे काम या सगळ्यात मला सर्वांत कठीण व सर्वांत आवडते वाटते.

पेटीचा सूर कितीही वेळ धरता येतो, पण ध्वनिमुद्रण सहा-आठ सेकंदांचेच असते. त्यामुळे त्यातला मधला भाग पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. यालाच लूप म्हणतात. दोन सुरांच्या पेटीत एका पट्टीखाली दोन सूर एकदम बोलतात आणि ते हिशेबाने तंतोतंत जुळलेले नसतात. एक २६१.६ हर्ट्झवर आणि दुसरा २६२.६ हर्ट्झवर असला, तर त्यांच्या मेळातून सेकंदाला एक अशी लाट उठते. लूपची लांबी या लाटेच्या पूर्ण पटीत असली पाहिजे. एक सेकंद, दोन सेकंद, तीन सेकंद चालतील. सव्वा सेकंदाचा लूप घेतला की दर फेरीला लाट अर्धवट तुटते आणि सूर अडखळतो. यात लूपच्या पोटात एखादा रातकिडा किरकिरलेला असेल, तर जो एरवी कानाआड झाला असता तो आता प्रत्येक फेरीला ठरल्या वेळी किरकिरतो. म्हणून लूपसाठी सर्वांत सुरेल तुकडा शोधण्याआधी सर्वांत निवांत तुकडा शोधावा. ही जुळवाजुळव मी पॉलिफोन या मुक्तस्रोत संपादकात करतो. लूपचे दोन्ही टोक आलेखावर ओढून लगेच ऐकता येतात, हा त्याचा मोठा गुण आहे.

एकच सूर नोंदवून तो सगळ्या पट्ट्यांवर ताणणे पेटीला मुळीच मानवत नाही. चार पट्ट्या वर नेले की वारंवारता सुमारे सव्वापट होते आणि लाटेचा वेगही सव्वापट होतो. पेटी घाबरल्यासारखी थरथरू लागते. ४२ पट्ट्यांच्या पेटीची प्रत्येक पट्टी स्वतंत्र नोंदवावी. सहा सेकंद, दोन चॅनेल आणि २४ बिट असा हिशेब केला तर सगळे मिळून साधारण ७३ मेगाबाइट होतात, आणि आवाजात काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फ्लॅक या प्रकारात साठवले तर त्याहून बरेच कमी. आजच्या साध्या लॅपटॉपला हे जड नाही.

सुरांच्या जुळवणीचा प्रश्न मात्र नाजूक आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या समान विभागणीत शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे अशा एका भागाचा शंभरावा हिस्सा), तर तंबोऱ्याशी मिळणारा नैसर्गिक गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. पेटी बनवणारे आणि जुळवणारे कानाने कुठे किती सवलत देतात हे त्या त्या पेटीत उमटलेले असते. सॉफ्टवेअरला मोकळे सोडले तर ते प्रत्येक सूर मोजून समान विभागणीवर आणून बसवते, आणि त्या जुळवणाऱ्याचा कान पुसला जातो. मी संचाची दोन रूपे ठेवली आहेत. एकात पेटी जशी होती तशी आहे, दुसऱ्यात प्रत्येक सुराला काही सेंटांची दुरुस्ती आहे. दोन्हींच्या ध्वनिफाइली त्याच आहेत. फरक आहे तो फक्त एका मजकुराच्या फाइलीतल्या आकड्यांचा.

हे शक्य होते ते एसएफझेड या साच्यामुळे. १९९४ च्या साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई ३२ कार्डाबरोबर पसरलेला साउंडफॉन्टचा साचा सगळे आवाज आणि सगळ्या सूचना एका बंद डब्यात ठेवतो. एसएफझेडमध्ये आवाज वेगळे राहतात आणि कोणता तुकडा कोणत्या पट्टीवर, किती जोराला, कुठून कुठे फिरवायचा हे साध्या मजकुरात लिहिलेले असते. कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ते वाचता येते. मी संच वाजवण्यासाठी एसफिझ या मुक्तस्रोत कार्यक्रमात उघडतो आणि संगीत आर्डर या ध्वनिमुद्रणाच्या कार्यक्रमात जुळवतो. आकडा बदलायचा, साठवायचे, ऐकायचे, इतके ते सरळ आहे.

पखवाजासाठी या मजकुरातल्या दोन सोयी फार उपयोगी पडतात. पहिली म्हणजे पाळीपाळीने वाजणारे नमुने. तिरकिटासारख्या जागी तोच तुकडा दोनदा लागोपाठ आला की कानाला यंत्र लगेच कळते. प्रत्येक बोलाचे चार आघात ठेवून ते क्रमाने वाजवले की हात माणसाचा वाटतो. दुसरी म्हणजे एका आवाजाने दुसरा बंद करण्याची सोय. डाव्या हाताचा मिटलेला ‘क’ आधीच्या ‘ग’ची आस मोडतो, दाबलेली झांज उघड्या झांजेला गप्प करते, हे नाते दोन ओळींत लिहिता येते. ते लिहिले नाही तर नुसते वेगवेगळे आवाज एकमेकांवर साचत राहतात.

दोन्ही पुड्या मी वेगळ्या नोंदवल्या आणि ‘धा’ त्यांतून बांधला. गाणारा काळी दोनचा असो की काळी चारचा, शाईची पुडी त्याच्या षड्जावर चढवतात; डावीकडे कणीक कमीजास्त करून नाद राखायचा असतो. संगणकातही उजवी बाजू सुराप्रमाणे हलते आणि डावी जागच्या जागी राहते. उजवी बाजूही दोन पट्ट्यांपलीकडे हलवू नये. त्यापुढे खोडाचाच आकार बदलल्यासारखा वाटतो, आणि तिथे नवे ध्वनिमुद्रण हाच उपाय.

गणपतीत गावी येऊन भजन करणाऱ्या मुंबईतल्या आमच्या मंडळींना वर्षभराच्या सरावासाठी हा संच हवा आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे फक्त मोबाइल आहे. त्यांच्यासाठी पॉलिफोनमधून साउंडफॉन्टची प्रतही काढून दिली आहे, कारण तो साचा वाजवणारी साधी ॲप्स मिळतात. संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या नामनिर्देश परवान्याखाली खुला करण्याआधी वादकांना समोर बसवून त्याचा अर्थ समजावून सांगितला. उद्या कोणी परदेशात हा आवाज चित्रपटात वापरला तरी त्याला फक्त श्रेय द्यावे लागेल, पैसे मागता येणार नाहीत, हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटले. त्यांनी मान्यता दिली, आणि श्रेयात गावाचे नाव आले पाहिजे एवढी एकच अट घातली.

फोल्डरमध्ये कापलेल्या तुकड्यांबरोबर न कापलेली मूळ ध्वनिमुद्रणेही ठेवली आहेत. कोणत्या मायक्रोफोनने, किती अंतरावरून, पखवाज कोणत्या पट्टीत असताना नोंदवले याची टीप त्यांच्या शेजारी आहे. लूप वेगळ्या जागी बसवावासा वाटणाऱ्याला किंवा गंधार आणखी दोन सेंट उतरवावासा वाटणाऱ्याला तिथूनच काम सुरू करता येईल.