नवेकोरे टवके

मुंबईतल्या एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात तारा घ्यायला गेलो होतो. नेहमीचा नऊचा, म्हणजे बारीक तारांचा सेट, दोन मिनिटांचं काम. पण वाद्यांच्या दुकानातून दोन मिनिटांत बाहेर पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. भिंतीवर टांगलेल्या गिटारींवरून नजर फिरवत असताना एक दिसली. फिकट निळी. जिथे उजव्या हाताचं कोपर टेकतं तिथला रंग पार उडून आतलं लाकूड उघडं पडलेलं. स्क्रू गंजलेले, पांढरं प्लास्टिक जुन्या दातांसारखं पिवळट. नेकवर, म्हणजे गिटारीच्या मानेवर, फ्रेटांच्या आडव्या पट्ट्यांमधे राखाडी मळ.

मला एकदम बरं वाटलं. सेकंडहँड म्हणजे आपल्या आवाक्यातली.

"ही केवढ्याला देताय?" मी जरा बेफिकीर आवाज काढून विचारलं. घासाघीस करायची असली की माझा आवाज असा होतो.

पोऱ्याने आकडा सांगितला. चार लाखांच्या पुढचा.

"अहो, पण रंग बघा ना हिचा!"

"सर, रंगाचेच आहेत," तो शांतपणे म्हणाला. "रेलिक आहे ही. ब्रँड न्यू."

त्याचं बरोबर होतं. गिटार नवीन होती, टवके नवीन होते आणि गंजही कोरा, कारखान्यातून तपासून आलेला. हाताने एकेक टवका पाडायला कारागिराला वेळ लागतो आणि त्या वेळाचे पैसे आपण भरायचे. घरी आत्याला फोनवर फोटो दाखवला तेव्हा तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "म्हणजे पैसे देऊन पोचे पाडून घेतात?" या विषयावरचं इतकं नेमकं वाक्य मी अजून कुठे वाचलेलं नाही.

हे खूळ तसं फार जुनं नाही. गिटारी बनवणाऱ्या फेंडर कंपनीचा कॅलिफोर्नियात एक खास विभाग आहे, कस्टम शॉप. १९८७ साली तो सुरू झाला. गिटारवाल्यांमध्ये एक किस्सा सांगतात. या लोकांनी रोलिंग स्टोन्स या बँडच्या कीथ रिचर्ड्ससाठी त्याच्या जुन्या गिटारींच्या नव्या प्रती बनवल्या, तर तो म्हणे त्या बघून वैतागला. फारच नव्या दिसतात, जरा आपटून-धोपटून आणा. खरंखोटं कीथ रिचर्ड्सला माहीत, आणि त्याच्याही लक्षात असेल याची खात्री नाही. पण मिझुरी राज्यात राहणारा व्हिन्स क्युनेटो नावाचा माणूस नव्या गिटारीला जुनं रूप देण्यात वाकबगार होता, हे पक्कं. १९९५च्या जानेवारीत फेंडरने रेलिक गिटारी बाजारात आणल्या त्या त्याच्या हातच्या. कॅलिफोर्नियातून कोऱ्या बॉडी आणि नेक मिझुरीला जायच्या, तिथे चाळीस वर्षांच्या म्हाताऱ्या होऊन परत यायच्या.

पुढे यातही प्रतवाऱ्या पडल्या. मिसळीच्या हॉटेलात कमी तिखट, मध्यम, झणझणीत विचारतात, तसं. साधी रेलिक, हेवी रेलिक वगैरे. सगळ्यात सौम्य प्रकारांतला एक म्हणजे 'क्लोजेट क्लासिक'. कोणीतरी हौसेने गिटार घेतली, चार दिवस वाजवली आणि कपाटात टाकून दिली, तर ती चाळीस वर्षांनी जशी दिसेल तशी. हा प्रकार आपल्याकडे घरोघरी फुकट तयार होतो. गिब्सन कंपनीनेही २०२१ साली टॉम मर्फी या कारागिराच्या नावाने अख्खी 'मर्फी लॅब' उघडली. हा मर्फी रंगावर रेझर ब्लेडने बारीक बारीक रेघा ओढून जुन्या रंगाला पडतात तशा भेगा काढण्यासाठी प्रसिद्ध.

त्या भेगांचं मात्र मला खरंच कौतुक आहे. १९५० च्या दशकातल्या गिटारींना नायट्रोसेल्युलोजचा रंग असायचा. मोटारगाड्यांना लागायचा तोच. फेंडरच्या रंगांची नावंसुद्धा गाड्यांच्या शेडकार्डावरून उचललेली आहेत. हा रंग पातळ, सुकत सुकत वर्षानुवर्षं आक्रसत जाणारा. घाम लागला की मऊ पडतो, पांढरा असेल तर पिवळा होतो. हिवाळ्यात गाडीच्या डिकीत गारठलेली गिटार गरम खोलीत आणून पेटी पटकन उघडली, की लाकूड एका वेगाने फुगतं आणि रंग दुसऱ्या वेगाने, आणि रंगाला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा जातात. एखाद्या थंड रात्रीची घाई त्या भेगांत कायमची उमटलेली असते. कारखान्यात हेच काम थंडगार फवारा मारून करता येतं.

१९६०च्या दशकाच्या शेवटापासून पॉलिएस्टर आणि मग पॉलियुरेथेनचे जाड रंग आले आणि बहुतेक गिटारींपुरता हा खेळ संपला. माझी स्वतःची गिटार याच जमान्यातली. २००३ साली पहिल्या नोकरीच्या बोनसमधून घेतलेली, इंडोनेशियात बनलेली, लाल. वीस वर्षांहून जास्त काळ मी ती वाजवतोय. मुंबईतले वीस पावसाळे, दोन घरबदल, गणपतीतले कार्यक्रम, एकदा दिवाणावरून थेट फरशीवर. त्या पडण्यात केबल खुपसायच्या जॅकपाशी हरभऱ्याएवढा एक टवका गेला, बस. बाकी अंगावर खूण नाही. ओल्या फडक्याने पुसली की आजही दुकानातून आल्यासारखी चकाकते. मी गिटार वाजवतो याचा कुठलाही पुरावा तिच्यावर नाही. आणि इथे ही निळी बया, जी अजून कोणी धड वाजवलेलीही नाही, पन्नास वर्षं क्लबात घाम गाळल्याचा आव आणून भिंतीवर बसली आहे. मला राग आला तो तिच्या खोटेपणाचा की माझ्या गिटारीच्या तुकतुकीत खरेपणाचा, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

खरी झिजलेली गिटार म्हटली की आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरची आठवते. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात १९६३ साली, पंधरा वर्षांच्या या पोराने १०० पौंडांना फेंडरची १९६१ची एक सेकंडहँड स्ट्रॅटोकास्टर घेतली. आधीच्या मालकाने लाल मागवली होती आणि आली सनबर्स्ट (मधे पिवळसर, कडांना गडद), म्हणून ती विकायला निघालेली. मग हा पुढची तीस वर्षं तीच वाजवत राहिला. मधे ती डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि पावसापाण्यात एका खड्ड्यात पडलेली सापडली. रोरीचा घाम फार आम्लधर्मी होता, तोच रंग खायचा असंही सांगतात. शेवटी त्या गिटारीवर रंगाचे मोजके ठिगळ उरले, बाकी नुसतं लाकूड. १९९५च्या जूनमध्ये तो गेला, म्हणजे रेलिक गिटारी बाजारात आल्या त्याच वर्षी. फेंडरने नंतर त्याच्या गिटारीची प्रतिकृती काढली, ठिगळासकट. मूळ गिटार २०२४च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला लिलावात निघाली. लिलावगृहाचं प्रीमियम धरून जवळपास ८,९०,००० पौंड आले आणि घेणाऱ्याने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली.

त्या गिटारीचे फोटो मी मोठे करून करून पाहिलेत. त्यात जी गोष्ट दिसते ती प्रतिकृतीतही दिसते, हे कबूल करायला हवं. डोळ्यांना फसवणं इतकं अवघड नाही. पण ती झीज एका माणसाच्या अंगकाठीच्या मापाची आहे. कुठे कोपर टेकायचं, मनगट कुठे घासायचं, पट्टा कुठे रुतायचा. दुकानातल्या निळीच्या पाठीवर बेल्टच्या बकलाने पडलेले ओरखडे होते. चांगले तळहाताएवढे. मी तर नाडीच्या पायजम्यात गिटार वाजवतो.

एवढं सगळं बोलून झाल्यावर सांगतो, मी ती वाजवून पाहिली. पोऱ्याने खाली काढून दिली, केबल लावली, आणि मी गप्पच झालो. नेक! पाठीमागचा चकचकीत थर घासून काढलेला, कडा बोटांना लागू नयेत अशा हलक्याच गोलावलेल्या. मुंबईच्या जूनमध्ये माझ्या गिटारीच्या नेकला तळवा असा चिकटतो की एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना तिकीट काढावं लागतं. ही मात्र जुन्या सुती साडीसारखी हातात येत होती. लोक रंगाकडे बघून नावं ठेवतात आणि विकत घेतात ती बहुधा या नेकसाठी. आणखी एक फायदा माझ्या लक्षात आला. मी ती बिनधास्त धरली होती. नवी गिटार आपण नव्या सुनेसारखी जपतो. पहिला टवका पडेपर्यंत जिवाला घोर. हिला आधीच शंभर टवके. एकशेएकावा पडला तर कोण मोजणार? म्हणजे चार लाखांत निर्धास्तपणाही येतो. (पायरेटेड नाही, ओरिजिनल.)

आवाजाबद्दल मात्र मला विचारू नका. पातळ रंगात लाकूड श्वास घेतं म्हणणारे लोक आहेत. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारांखालच्या चुंबकी पिकअपमधून येतो आणि पिकअपला तारेचं हलणं कळतं, रंगाचा श्वास कळत असेल असं मला वाटत नाही. त्या वादात पडून आजवर कोणाची मैत्री टिकलेली नाही.

तर वाजवता वाजवता माझी नजर फ्रेटांवर गेली. नेकवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्या, ज्यांच्यावर तार दाबली जाते. बाकी सगळी गिटार म्हातारी, फ्रेट मात्र नवेकोरे, गोल, लखलखीत, तारेची एक खाच नाही. मला हसू आलं. साहजिकच आहे म्हणा. झिजलेल्या फ्रेटवर तार झणझणते, सूर हलतो, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत घेऊन येईल. म्हणजे जिथे झीज फक्त दिसते तिथे ती भरपूर केली होती आणि जिथे ती वाजण्याने होते, ऐकू येते, तिथे नावालाही नव्हती.

आत्याचा तंबोरा आठवला. मिरजेचा. तिने तो पोरासारखा सांभाळलाय. रियाझ झाला की मऊ फडक्याने पुसून गवसणीत. भोपळ्यावरचं पॉलिश आजही आरशासारखं, आणि त्यावर कोणी नखाने रेघ ओढली तर आत्या त्याच्या घरच्यांशीही बोलणार नाही. पण घोडीवर, जिथे तारा टेकतात तिथे, गाण्याने खाचा पडतातच. जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजारव, जाते, तंबोरा मुका मुका बोलायला लागतो. मग ती एसटीने मिरजेला जायची. गल्लीत बसलेला कारागीर घोडी घासायचा, तार छेडायचा, कान लावायचा, पुन्हा घासायचा. हाताच्या त्या दोन-चार फेऱ्यांनी तंबोरा परत गुंजायला लागला की आत्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. कारागीर म्हणे घोडी बघूनच ओळखायचे, बाईंचा रियाझ यंदा झालाय की नाही.

दुकानातून मी नऊचा सेटच घेऊन बाहेर पडलो. पण डोक्यात फ्रेट बसले होते. घरी येऊन आपली लाल गिटार खिडकीपाशी नेली आणि तिरकी धरून पाहिली. खाचा होत्या! चांगल्या खोल. गेली दोन वर्षं मी ज्या झणझणाटाला ॲम्प्लिफायरचा दोष समजत होतो तो इथला होता. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

पुढच्या शनिवारी गिटार दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. काका म्हणजे दोन शब्दांच्या जागी एकही न बोलणारा माणूस. त्यांनी गिटार आडवी ठेवली, डोळ्याला भिंग लावलं आणि नेकवरून सावकाश पुढे सरकत गेले. मी उभा राहून ज्योतिषाकडे पत्रिका दिल्यासारखा वाट बघत होतो.

"वीस वर्षं म्हणता?"

"हो. जवळजवळ रोज."

"पाचव्या फ्रेटच्या पुढे गेला नाहीत कधी?"

मी काही बोललो नाही.

"इथे बघा," त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पहिल्या फ्रेटवर बी तारेखाली तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. "सी आणि ए मायनर. हे दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. जी, डी." मग ते थोडे थांबले आणि पहिल्या फ्रेटवर जाड तारांच्या बाजूला बोट फिरवलं. तिथे फ्रेट अगदी कोरा होता. "एफ टाळलात तुम्ही. आडवं बोट पडलं असतं तर इथे सगळीकडे घासलं असतं."

एफ. अकरावीत असताना न जमलेला कॉर्ड, आणि त्यानंतर प्रत्येक गाण्यात कॅपो (नेकवर लावायचा चिमटा) लावून, सूर बदलून, 'मला हीच पट्टी बरी वाटते' असं सांगून मी चुकवलेला. बायकोला ठाऊक नाही, बँडमधल्या मित्रांना ठाऊक नाही. फ्रेटवर ते सगळं लिहून ठेवलेलं होतं आणि काकांनी अर्ध्या मिनिटात वाचलं.

"घासून चालेल की बदलायचे?" मी विषय बदलला.

"पहिले पाच बदलू. पुढचे कशाला? नवेच आहेत."

आठवड्याने गिटार मिळाली. सूर स्वच्छ, झणझण बंद. काढलेले पाच फ्रेट काकांनी औषधाच्या गोळ्यांच्या पुडीत घालून दिले होते; ती पुडी मी गिटारीच्या पेटीत तारा छेडायच्या 'पिक्स'च्या शेजारी ठेवली आहे. रविवारी मुलीची मैत्रीण घरी आली. दिवाणावर ठेवलेली लाल गिटार, वर लखलखते फ्रेट, नव्या तारा.

"काका, नवीन घेतली?"

मी हो म्हणालो.